चव कोण ठरवते? बोर्दोच्या लाल वाइनची आठशे वर्षे (थ्रेड)

१/
२४ मे १९७६. पॅरिसमधील इंटरकाँटिनेंटल हॉटेलात नऊ फ्रेंच परीक्षक बसले होते. कोणी द्राक्षमळ्याचे मालक, कोणी नामांकित उपाहारगृहाचे चालक, कोणी वाइनवरील नियतकालिकाच्या संपादक, तर कोणी सरकारी यंत्रणेतील निरीक्षक. समोरच्या पेल्यांत काय आहे हे त्यांना सांगितलेले नव्हते. त्यांतील एका परीक्षकाने घोट घेतला आणि आपण पुन्हा फ्रान्समध्ये परतलो, असा समाधानाचा उद्गार काढला. त्याच्या पेल्यातील वाइन कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्याची होती.

२/
हा किस्सा पुढे जगभर गाजला आणि बहुतेक वेळा फ्रेंचांची फजिती म्हणूनच सांगितला गेला. तो परीक्षक मात्र अडाणी नव्हता. त्याचे सारे आयुष्य चवीच्या व्यवसायात गेले होते. म्हणून येथे विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. फ्रेंच लाल वाइन उत्तम असते, हे मुळात ठरवले कोणी? जिभेने, बाजाराने, कायद्याने, की बाटलीवर चिकटवलेल्या कागदाने? उत्तरासाठी बाराव्या शतकात जावे लागते.

३/
११५२ मध्ये अक्वितेनची राज्यस्वामिनी एलिनॉर हिने हेन्री प्लँटॅजेनेटशी विवाह केला. दोन वर्षांनी हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दो हे बंदर इंग्लिश राजसत्तेच्या छत्राखाली आले. १४५३ पर्यंत, म्हणजे तीनशे वर्षे, ते तसेच राहिले. या काळात बोर्दोहून जहाजांचे तांडेच्या तांडे वाइन घेऊन इंग्लंडला जात. जहाजात 'टन' नावाची किती मोठी पिंपे मावतात यावरून त्याची क्षमता मोजली जाई. जहाजांच्या संदर्भातील 'टनेज' या शब्दाचे मूळ तेथे आहे. फ्रेंच वाइनचा पहिला मोठा परीक्षक म्हणजे हा परदेशी ग्राहक.

४/
मात्र ती वाइन आजच्यासारखी गडद नव्हती. तिला 'क्लेरे' म्हणत, म्हणजे फिकी, स्वच्छ रंगाची. इंग्रजांनी त्याच शब्दाचे 'क्लॅरेट' केले. ती त्याच वर्षी पिऊन संपवायची असे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आंबण्याची भीती असल्यामुळे जुन्या वाइनचा भाव पडत असे. जुनी वाइन म्हणजे उंची वाइन, हे आज स्वयंसिद्ध वाटणारे समीकरण त्या काळच्या व्यापाऱ्याला उलटे वाटले असते.

५/
रंगाचे गणित समजून घेतले की पुढचा इतिहास सोपा होतो. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस रंगहीनच असतो; रंग सालीत असतो. रस सालींसह आंबत ठेवला की रंग उतरतो आणि त्याबरोबर टॅनिन हे तुरट द्रव्यही. सालींचा सहवास थोडा असेल तर वाइन फिकी होते. तो वाढवला तर ती गडद, तुरट आणि टिकाऊ होते. क्लेरेपासून आजच्या बोर्दोपर्यंतचा प्रवास हा एका अर्थी सालींसोबतच्या वाढत्या मुक्कामाचा प्रवास आहे.

६/
या प्रवासाची एक तारीख हाती लागते. १० एप्रिल १६६३ रोजी लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पीप्स एका मद्यालयात गेला. तेथे प्यायलेल्या फ्रेंच वाइनचे नाव त्याने कानावर पडले तसे, वेडेवाकडे लिहून ठेवले आणि अशी आगळी चव पूर्वी कधी भेटली नव्हती, अशी नोंद केली. ती वाइन होती 'ओ-ब्रियाँ', बोर्दोजवळच्या एका मळ्याची. तोवर ग्राहक 'बोर्दोची वाइन' मागत. आता मळ्याचे नाव चवीला जोडले गेले. मळ्याचे मालक पोंताक घराणे बोर्दोच्या न्यायदरबारातील मातब्बर. १६६६ च्या आगीनंतर त्यांनी लंडनमध्ये स्वतःचे उपाहारगृहच उघडले. नाव विकता येते, हे त्यांनी इतरांआधी ओळखले होते.

७/
त्याच सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी बोर्दोच्या उत्तरेकडील मेदॉक या दलदलीच्या पट्ट्यातील पाण्याचा निचरा केला. दलदल हटल्यावर गोट्याखड्यांचे उंचवटे लागवडीस मोकळे झाले. अशा जमिनीत पाणी साचत नाही, दगड दिवसभराची ऊब धरून ठेवतात आणि वेलीची मुळे खोल जातात. रिकाम्या पिंपात गंधक जाळून वाइन टिकवण्याची युक्तीही डच व्यापाऱ्यांनीच रुळवली. आज 'मातीचा गुण' म्हणून जे गौरवले जाते, त्यातील बराच भाग माणसाने खणलेल्या चरांचा आहे.

८/
मग युद्धे आली. १६८९ पासून पुढची पंचवीस वर्षे इंग्लंड आणि फ्रान्स बहुतेक काळ एकमेकांशी लढत होते. १७०३ च्या मेथुएन तहाने पोर्तुगीज वाइनला इंग्लंडमध्ये सवलत मिळाली, तर फ्रेंच वाइनवर जबर कर बसला. हा कर किमतीवर नव्हता, मापावर होता. स्वस्त पिंपालाही तेवढाच कर आणि महागड्यालाही तेवढाच! परिणामी, स्वस्त फ्रेंच वाइन आयात करण्यात अर्थ उरला नाही. श्रीमंत घेतील अशी उंची वाइनच तो भार सोसू शकत होती. दर्जाचा ध्यास बोर्दोला लागला त्यामागे कलासक्तीइतकाच शत्रूचा जकातनाका होता.

९/
१७०७ च्या 'लंडन गॅझेट'मधील वाइनच्या लिलावांच्या जाहिरातींत लाफित आणि लातूर ही नावे झळकतात. (हे फ्रेंच लातूर म्हणजे 'मनोरा', मराठवाड्यातील लातूरशी त्याचे केवळ नामसाधर्म्य!) १७८७ मध्ये अमेरिकेचा फ्रान्समधील वकील थॉमस जेफरसन बोर्दोला गेला. त्याने पहिल्या प्रतीचे चार मळे टिपून घेतले : मार्गो, लातूर, ओ-ब्रियाँ आणि लाफित. अठराव्या शतकाच्या अखेरीस ही उतरंड दलालांच्या वह्यांत आणि ग्राहकांच्या डोक्यात पक्की बसली होती.

१०/
या नव्या वाइनमध्ये पिणाऱ्याला काय जाणवत होते? प्रथम तुरटपणा. टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते, लाळेचा वंगणपणा जातो आणि जीभ कोरडी, खरखरीत लागते. जांभूळ किंवा सुपारी खाल्ल्यावर येतो तोच अनुभव. त्याच्या जोडीला द्राक्षाचा आंबटपणा, मद्याची ऊब आणि फळांचा गंध. यांपैकी एकाने दुसऱ्यावर कुरघोडी केली नाही तर जाणकार त्या वाइनला तोल आहे असे म्हणतात. चांगल्या लाल वाइनची सर्वांत साधी कसोटी तोलाचीच आहे. दुसरी कसोटी, घोट संपल्यावर चव किती वेळ रेंगाळते ही.

११/
तुरटपणाला काळ हे औषध आहे. वर्षानुवर्षे बाटलीत टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात, काही तळाशी गाळ होऊन बसतात आणि वाइन मवाळ होते. जांभळा रंग कडेने विटकरी होऊ लागतो. ताज्या फळांचा गंध मागे सरून सुकी पाने, चामडे, ओली माती यांची आठवण देणारे गंध पुढे येतात. पण यासाठी वाइन आडवी ठेवता येईल, बूच ओले राहील आणि हवा आत शिरणार नाही, अशी बाटली हवी. कोळशाच्या भट्टीतील मजबूत काच आणि पुढे दंडगोल आकाराच्या बाटल्या आल्या, तेव्हाच जुनी वाइन हे मूल्य ठरले. अभिरुचीमागे असे कारागीर उभे असतात.

१२/
फ्रान्सच्या पूर्वेकडील बर्गंडीत याच सुमारास निराळी परंपरा नांदत होती. तेथे घराण्याच्या नावापेक्षा जमिनीच्या तुकड्याला मान. १०९८ मध्ये स्थापन झालेल्या सितो मठाच्या साधूंनी 'क्लो द वूजो' हा मळा पिढ्यानपिढ्या जोपासला. १३९५ मध्ये तेथील ड्यूक फिलिप याने भरघोस पिकणारी गामे ही जात उपटण्याचा हुकूम काढला. त्याचा कौल पिनो नॉयर या नाजूक द्राक्षाला होता. फ्रेंच राज्यक्रांतीत मठांची जमीन जप्त होऊन विकली गेली. आज सुमारे पन्नास हेक्टरांच्या त्या एका मळ्याचे ऐंशीच्या आसपास मालक आहेत. कागदावर नाव एक, हात अनेक. म्हणून तेथे मळ्याच्या नावाबरोबर बनवणाऱ्याचे नावही वाचावे लागते.

१३/
कागद सर्वांत बलवान ठरला तो १८५५ मध्ये. तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरवले. तेथे मांडायच्या वाइनसोबत मळ्यांची प्रतवारी हवी, म्हणून बोर्दोच्या व्यापारी मंडळाने दलालांच्या संघाला पत्र पाठवले. पत्राची तारीख ५ एप्रिल. यादीसह उत्तराची तारीख १८ एप्रिल. अवघ्या तेरा दिवसांत पाच श्रेणी तयार! यासाठी कोणी पेले मांडून बसले नाही. आधार होता तो वर्षानुवर्षांच्या भावांचा : ज्याला सातत्याने अधिक भाव, तो वरच्या श्रेणीत.

१४/
लाल वाइनच्या पहिल्या श्रेणीत चारच नावे आली : लाफित, मार्गो, लातूर आणि ओ-ब्रियाँ. जेफरसनने टिपलेली तीच चार. ओ-ब्रियाँ वगळता यादीतील सर्व मळे मेदॉकचे. नदीपलीकडच्या सेंत-एमिलियाँ आणि पोमरॉल या प्रदेशांना त्यात स्थानच नव्हते, कारण त्यांचा व्यापार दुसऱ्या बंदरातून, दुसऱ्या दलालांमार्फत चाले. आज जगातील अत्यंत महाग वाइनांत गणली जाणारी पोमरॉलची 'पेत्रुस' त्या यादीत नाही. यादी चवीची म्हणून वाचली जाते. प्रत्यक्षात ती एका शहराच्या एका बाजारपेठेची वही आहे.

१५/
दलालांना याची जाणीव होती. प्रतवारी हा नाजूक मामला आहे, त्यातून मने दुखावतील आणि आपण काही अधिकृत निवाडा करू पाहत नाही, अशा आशयाचे शब्द त्यांनी यादीसोबतच्या पत्रात लिहिले. पत्र विस्मृतीत गेले, यादी मात्र राहिली. मूटाँ हा मळा दुसऱ्या श्रेणीच्या अग्रभागी अडकला. त्याचे मालक फिलिप द रोथशिल्ड यांनी त्यासाठी कित्येक दशके खटपट केली. अखेर १९७३ मध्ये कृषिमंत्री जाक शिराक यांच्या सहीने मूटाँ पहिल्या श्रेणीत गेला. पहिल्या श्रेणीत झालेला हा एकमेव बदल.

१६/
'अस्सलपणा'ची कल्पनाही त्या काळी आजच्यासारखी नव्हती. इंग्रज ग्राहकाला दणकट चव आवडते म्हणून बोर्दोचे व्यापारी आपल्या नाजूक वाइनमध्ये ऱ्होन खोऱ्यातील एर्मिताजची गडद वाइन मिसळत. अशा मिश्रणासाठी 'एर्मिताजे' असा शब्दच रूढ होता आणि तशा वाइनला अधिक भाव मिळे. १८५५ च्या यादीमागील भाव ज्या चवींना मिळाले, त्यांपैकी काही चवी आजच्या कायद्याने भेसळ ठरतील.

१७/
यादीचा कागद वाळतो न वाळतो तोच वेलीच सुकू लागल्या. १८६० च्या दशकात दक्षिण फ्रान्समध्ये बागा कारण न कळता मरू लागल्या. मेलेल्या वेली उपटल्या तर मुळांवर काहीच दिसत नसे. जुलै १८६८ मध्ये माँपेलियेचे वनस्पतिशास्त्रज्ञ जूल-एमिल प्लांशों आणि त्यांचे सहकारी यांनी मेलेल्या वेलीशेजारची निरोगी दिसणारी वेल खणली. मुळांवर पिवळसर किड्यांची दाटी होती. मावा किडीच्या जातकुळीतला हा फायलोक्सेरा अमेरिकेतून आला होता. तो मुळांतील रस शोषतो आणि वेल मरायच्या आधीच पुढच्या वेलीकडे सरकतो. १८७५ मध्ये फ्रान्सचे वाइन उत्पादन आठ कोटी हेक्टोलिटरच्या वर होते. १८८९ पर्यंत ते अडीच कोटींच्याही खाली घसरले.

१८/
सरकारने उपायासाठी तीन लाख फ्रँकचे बक्षीस लावले. ते कोणालाही दिले गेले नाही. उपाय मात्र सापडला : कीड जिथून आली तिथलीच चिवट अमेरिकी वेल खुंट म्हणून लावायची आणि तिच्यावर फ्रेंच काडीचे कलम करायचे. आपल्या वाइनची चव परक्या मुळांनी बिघडेल, ही भीती मोठी होती. कित्येक वर्षे बागायतदारांनी या उपायाला विरोध केला. आज फ्रान्समधील जवळजवळ प्रत्येक नामांकित वेल अमेरिकी मुळांवर उभी आहे. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला हे नवे वाटणार नाही. त्याच्या बागेतील 'डॉगरिज' खुंटही मूळ अमेरिकेतील रानवेलीचाच. फक्त येथे त्याचा उपयोग खारवट जमीन आणि पाण्याचा ताण यांसाठी होतो.

१९/
टंचाईच्या काळात एक नवा धंदा फोफावला. मनुके भिजवून, चोथ्यात साखर-पाणी घालून 'वाइन' बनू लागली. अल्जीरियाच्या वसाहतीतून स्वस्त वाइन येऊ लागली. कलमी बागा बहरल्या तेव्हा बाजार आधीच तुंबलेला होता. लांगदॉक प्रदेशात भाव कोसळले आणि शेतकरी कर्जात बुडाले. ११ मार्च १९०७ रोजी मार्सलँ आल्बेर या खेडेगावातील छोट्या बागायतदाराच्या मागे ८७ माणसे निघाली. ९ जूनला माँपेलियेच्या सभेत पाच लाखांहून अधिक लोक जमले. मागणी एकच : वाइन म्हणून विकली जाते ती खरोखर वाइन असावी.

२०/
पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य पाठवले. १९ आणि २० जूनला नारबॉन शहरात गोळीबार झाला. मृतांत बाजाराच्या दिवशी शहरात आलेली वीस वर्षांची एक तरुणीही होती. हे ऐकून सतराव्या पायदळ पलटणीतील सुमारे पाचशे सैनिकांनी बंड केले. ते त्याच भागातील शेतकऱ्यांचे मुलगे होते. त्यांची रवानगी पुढे ट्युनिशियात झाली. आल्बेर क्लेमांसोंना भेटायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँक दिले आणि ती बातमी पत्रकारांना पुरवली. नेता एका दिवसात लोकांच्या नजरेतून उतरला. पण महिनाअखेरीस भेसळीविरुद्धचा कायदा संमत झाला.

२१/
बाटलीवरील कागदाची ही दुसरी बाजू. १८५५ चा कागद मोठ्या मळ्यांची उतरंड सांगत होता. १९०७ च्या शेतकऱ्याला हवा असलेला कागद प्रामाणिक मालाचे संरक्षण मागत होता. या दुसऱ्या मागणीतूनच ३० जुलै १९३५ चा आदेश आला आणि 'नियंत्रित मूळस्थान नाम' ही व्यवस्था उभी राहिली. ठरावीक गावाचे नाव लावायचे तर द्राक्ष कोणते, एकरी पीक किती, मद्यांश किती, सारे नियमात बांधले गेले. सिनेटर जोझेफ काप्यु आणि शातनफ-द्यु-पापचे बागायतदार बॅरन पिएर ल रॉय हे तिचे शिल्पकार. १९३६ मध्ये पहिली नामे मंजूर झाली.

२२/
चव घेण्याची शिस्तही विसाव्या शतकात घडली. बोर्दोचे एमिल पेनो यांनी आंबवण्याची प्रक्रिया प्रयोगशाळेत तपासली आणि मळेवाल्यांना स्वच्छ पिंपे, पिकलेली द्राक्षे यांचा आग्रह धरायला शिकवले. आस्वादाची रीत साधी आहे. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरून कडेचा रंग पाहावा. न हलवता एकदा आणि गोल फिरवून पुन्हा वास घ्यावा. छोटा घोट तोंडभर फिरवून थोडी हवा आत ओढावी, कारण आपण ज्याला चव म्हणतो त्यातील मोठा भाग घशामागून नाकाकडे जाणारा गंध असतो. परीक्षक घोट गिळत नाहीत, थुंकतात. आणि शेवटी, आपले मत दुसऱ्याचे ऐकण्यापूर्वी लिहून ठेवावे.

२३/
आता पुन्हा १९७६ चे पॅरिस. स्पर्धा भरवणारे स्टीव्हन स्पुरियर हे पॅरिसमधील इंग्रज वाइनविक्रेते. पांढऱ्या वाइनच्या फेरीत कॅलिफोर्निया पहिली आली. तो निकाल लाल वाइनच्या फेरीआधीच जाहीर झाल्यामुळे परीक्षक सावध झाले होते. लाल फेरीत चार बोर्दो, सहा कॅलिफोर्निया. बोर्दोच्या बाजूला मूटाँ आणि ओ-ब्रियाँसारखे दिग्गज. निकाल : पहिली 'स्टॅग्ज लीप' १९७३, कॅलिफोर्निया, दुसरी मूटाँ १९७०. संपादक ओदेत कान यांनी आपल्या गुणपत्रिका परत मागितल्या. स्पुरियर यांनी दिल्या नाहीत. तेथे हजर असलेला एकमेव पत्रकार 'टाइम'चा जॉर्ज टेबर; त्यामुळे जगाला ही गोष्ट कळली.

२४/
टीकाकारांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते. गुणांतील फरक किरकोळ होता. नऊ जिभांवरून जगाचा क्रम लावता येत नाही. बोर्दो उशिरा खुलते, कॅलिफोर्नियाची वाइन लवकर मावळते, हाही दावा झाला. तो २००६ मध्ये तपासला गेला. त्याच लाल वाइन तीस वर्षांनी पुन्हा उघडल्या, तेव्हा पहिले पाचही क्रमांक कॅलिफोर्नियाचे आले. तरीही यातून 'फ्रान्स हरले' हा निष्कर्ष घाईचा ठरेल. नापातील विजेत्या वाइनचे द्राक्ष कॅबर्ने सोव्हिन्याँ, म्हणजे बोर्दोचेच. बोर्दोची मुळे अमेरिकेची, नापाच्या फांद्या बोर्दोच्या.

२५/
कागद झाकला तरी डोळे उघडे असतातच. २००१ मध्ये बोर्दोतील संशोधकांनी वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली आणि तीच वाइन गंधहीन लाल रंग मिसळूनही दिली. लाल दिसणाऱ्या पेल्यासाठी विद्यार्थ्यांनी लाल वाइनचे वर्णन करण्याचे शब्द वापरले. हे ढोंग म्हणता येणार नाही. मेंदू गंध ओळखताना डोळ्यांची साक्ष काढतो, नावाची काढतो, किमतीचीही काढतो. अपेक्षा हीच अर्धी चव असते आणि अपेक्षा घडवण्याचे काम इतिहास करतो.

२६/
या इतिहासाचा एक धागा भारतापर्यंत येतो. १९९५ मध्ये अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदा करारात भौगोलिक निर्देशनाचे कलम आले आणि त्यात वाइनना विशेष संरक्षण मिळाले. त्यामागे युरोपीय आग्रह आणि फ्रेंच व्यवस्थेचा अनुभव होता. त्यानुसार भारताने १९९९ मध्ये कायदा केला. आज त्याच कायद्याखाली 'नाशिक व्हॅली वाइन' हे नाव नोंदलेले आहे आणि महाराष्ट्रातील हापूस, पुणेरी पगडी, पैठणी यांचीही नोंद आहे. 'देवगड हापूस' म्हणून भलताच आंबा विकला जातो तेव्हा कोकणातील बागायतदाराला येणारा संताप आणि नारबॉनच्या शेतकऱ्याचा १९०७ मधील संताप यांची जात एकच.

२७/
इतिहासाच्या अभ्यासकाला बाटलीवरची चिठ्ठी कशी वाचावी हे वेगळे शिकवावे लागत नाही. ती एक साधन आहे. बखर वाचताना विचारतो तेच प्रश्न तिला विचारावेत. लिहिली कोणी? कोणासाठी? केव्हा? त्यात कोणाचा फायदा आणि कोण वगळले गेले? १८५५ ची यादी दलालांची साक्ष आहे, १९३५ चा आदेश शेतकऱ्यांच्या लढ्याची. दोन्ही मोलाच्या, दोन्ही अपुऱ्या. त्यांच्यासमोर जिभेची साक्षही अपुरीच, कारण ती फितवता येते. मात्र ती पहिल्यांदा नोंदवून घ्यावी आणि चिठ्ठी नंतर वाचावी. पीप्सने १६६३ मध्ये नेमके तेच केले होते : मळ्याचे नावही त्याला धड लिहिता आले नाही, पण चव त्याने ओळखली.

(समाप्त)